शर्यतीच्या दिवशी सीटखालच्या पिशवीत काय ठेवायचं आणि काय घरी?

कळंब्याची स्वार

नमस्कार. मी कोल्हापूरची, कळंब्याला राहते, वय १९. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमची शर्यत आहे. रंकाळ्यापासून निघून फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज करत गगनबावडा, आणि त्याच रस्त्याने परत. जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. मागे मदतीची गाडी नाही. बिघाड झाला तर ज्याचा त्याने दुरुस्त करायचा, बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद, असं आधीच सांगितलंय.

माझी सायकल ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे. मागे ११ गिअर, डिस्क ब्रेक, ७०० बाय २८ चे टायर, आत ट्यूब, बारीक टोकाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह. रिम जराशी खोल आहे, ४० मिलिमीटर.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात माझी पहिली शर्यत होती. कळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब होती, ती बदलली, तीन किलोमीटर गेले आणि पुन्हा तेच चाक बसलं. दुसरी ट्यूब नव्हती. वडिलांना फोन केला आणि ते येईपर्यंत दीड तास उसाच्या फडाच्या कडेला बसून राहिले. एक एक करून सगळे समोरून परत जाताना दिसत होते.

तेव्हापासून जो जे सांगेल ते घेत गेले. आता घरात ३ ट्यूब, पंप, टायर झटकन भरायच्या सीओटू गॅसच्या २ नळकांड्या, १९ अवजारांचं मल्टिटूल, सोल्यूशन आणि पॅच, टायर उचकटायच्या ३ लिव्हर, तेलाची बाटली, पेडलचा पाना आणि गिअरची जादा तार एवढं साठलंय. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर सव्वा किलो भरलं. पिशवीत मावतही नाही. यातलं काय न्यायचं?

पंचगंगेकाठचा

२ ट्यूब, पंप, लिव्हर, ॲलन की. ११० किलोमीटरला तेवढं पुरतं. बाकीचं घरी ठेव आणि पाय मजबूत कर.

उद्यमनगरचा फिटर

पोरी, कामावरून आल्या आल्या तुझा प्रश्न वाचला आणि जेवायच्या आधी लिहायला बसलोय. उद्यमनगरात ३१ वर्षं फिटर म्हणून काम करतोय, आणि सायकल त्याच्याही आधीपासून चालवतोय. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पिशवी राहू दे बाजूला. तुझं पहिलं पंक्चर कशानं झालं, ते तू लिहिलंच नाहीस. मला वाटतं तुला ते कळलंच नसावं. त्याच चाकाला तीन किलोमीटरवर दुसरं पंक्चर झालं, म्हणजे बहुतेक जे पहिल्या ट्यूबला टोचलं तेच दुसरीलाही टोचलं. ते टायरमध्येच राहिलं होतं. तसं असेल तर दहा ट्यूब नेल्या असत्यास तरी दहा गेल्या असत्या.

हा रस्ता डिसेंबर-जानेवारीत कसा असतो ते तुला ठाऊक आहे. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, कडेला पाचट. बैलांच्या पत्रीचे खिळे निखळून रस्त्यात पडतात, ते दिसतात तरी. बाभळीचा काटाही दिसतो. पण ट्रकचे टायर फुटतात ना, त्यांच्यातल्या तारेचे बारीक तुकडे रस्त्यावर सांडलेले असतात. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. तो टायरमध्ये घुसला की बाहेरून काही दिसत नाही आणि आतून जेमतेम टोक वर आलेलं असतं. तेवढं पुरतं.

म्हणून तुझ्या यादीत नसलेली पहिली वस्तू सांगतो: भुवया कोरायचा साधा चिमटा. आणि दुसरी, कापसाचा बोळा. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून तो बोळा पूर्ण गोल फिरवायचा. तार असेल तिथं कापसाचे तंतू अडकतात. बोट फिरवून शोधू नकोस, काच असली तर बोट कापेल आणि मग पुढचे पन्नास किलोमीटर हँडल धरता येणार नाही.

शोधायला जास्त वेळ जाऊ नये म्हणून घरीच एक करून ठेव. टायर चढवताना टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आण. ट्यूबला भोक कुठं आहे ते हवा भरून बघितलंस की ट्यूब टायरशेजारी तशीच धरायची, व्हॉल्व्ह नावापाशी. टोचणारी वस्तू त्या दोन-चार बोटांतच सापडते. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा तार. शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर टायरमध्ये हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमच्या आतली पट्टी सरकलीय, तिथं इन्सुलेशन टेपचा तुकडा लावायचा. हे तिन्ही ओळखता आलं की अर्धं काम झालं.

आता ट्यूब. दोन ने, तिसरी ठेव घरी आणि तिच्याऐवजी चिकटणारे स्टिकर पॅच घे, सहाची डबी. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की वाळत जाते आणि ऐनवेळी दाबली तर आतून काही येत नाही. शिवाय सोल्यूशन लावून वाळेपर्यंत थांबावं लागतं. पण नव्या ट्यूबवर भरवसा ठेवून ती खोक्यासकट पिशवीत टाकू नकोस. एकदा हवा भर, रात्रभर ठेव, सकाळी तेवढीच आहे का बघ. मग हवा पूर्ण काढून घट्ट गुंडाळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाल. नुसती ठेवलीस तर चावीच्या टोकाला घासून पिशवीतच भोक पडतं.

व्हॉल्व्हची लांबी मोज. हे मी जीव तोडून सांगतोय, कारण पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाजवळ माझंच यामुळं अडलं होतं. मित्राकडून घेतलेली ट्यूब, व्हॉल्व्ह ४८ चा, आणि माझी रिम ५० ची. ट्यूब घातली, टायर चढवला, आणि मग लक्षात आलं की व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येतच नाही, पंप कशाला लावणार? बरोबर शर्यत करणारी मंडळी पुढं गेली. मी पायात पेडलला अडकणाऱ्या क्लीटचे बूट घालून उतारावरून सायकल ढकलत आलो. ४० ची रिम म्हणजे तुला ६० चा व्हॉल्व्ह हवा. तुझ्या तिन्ही ट्यूबवर लिहिलेला आकडा आजच वाच.

हवेचं बघ. सीओटूची १६ ग्रॅमची एक नळकांडी तुझ्या २८ च्या टायरला पुरते आणि काही सेकंदांत काम होतं. शर्यतीत तेवढा वेळ वाचतो, म्हणून एक ने. पण आधी पंपानं थोडी हवा भर, ट्यूब गोल झाली पाहिजे, टायरच्या काठाखाली कुठं दबली नाही ना ते चाक फिरवून दोन्ही बाजूंनी बघ. मगच गॅस सोड. दबलेल्या ट्यूबमध्ये गॅस सोडलास तर ती तिथंच फुटते आणि तुझी ट्यूबही गेली, गॅसही गेला. गॅस सुटताना नळकांडी इतकी गार होते की कातडीला चिकटते, तिला जुन्या मोज्याचा तुकडा घालून ठेव. आणि सीओटू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, तेव्हा घरी आल्यावर ती काढून साधी हवा भर. पंप मात्र न्यायचाच. बारीक रबरी नळी असलेला असेल तर उत्तम, कारण थेट व्हॉल्व्हवर बसणारा पंप जोरात हलवला की प्रेस्टाचं टोक वाकतं.

१९ अवजारांचं मल्टिटूल घरी ठेव. आज रात्री एक काम कर. सायकल दारात उभी कर आणि एकेक चावी घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत प्रत्येक बोल्टला लावून बघ. कुठली कुठं लागते ते कागदावर लिही. बहुतेक ४, ५, ६ च्या ॲलन की आणि सहा टोकांच्या चांदणीची टी २५ टॉर्क्स चावी एवढ्यात सगळं येतं. तेवढ्या सुट्ट्या चाव्या घे. सुट्टी चावी लांब असते, हातात नीट बसते, जोर लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझ्या चाकाचा आस कसा निघतो? डिस्क ब्रेकच्या कितीतरी सायकलींना आस हातानं सोडायची लिव्हर नसते, ६ च्या ॲलन कीनंच आस सुटतो. ती चावी नसली तर ट्यूब असून चाकच काढता येणार नाही.

चाक काढलेलं असताना ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नकोस. पॅड एकमेकांना येऊन भिडतात आणि मग डिस्क आत जात नाही. जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कापून ठेव, चाक काढलं की तो पॅडच्या मध्ये सारायचा.

चेनसाठी ११ गिअरचीच क्विक लिंक हवी, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी. १० ची बसत नाही, १२ चीही नाही, कारण गिअर वाढले की चेन अरुंद होत जाते. आणि छोटा चेन-कटर. तुटलेली कडी काढायची, दोन्ही टोकांना आतली बारीक कडी राहील असं बघायचं, लिंक घालायची. लिंक चेनच्या वरच्या बाजूला आण, मागचा ब्रेक धर आणि पेडलवर जोर दे, टक्‌ आवाज आला की बसली. चेन आता आखूड झालेली असते, म्हणून पुढचं मोठं चक्र आणि मागचंही मोठं चक्र असा गिअर टाकू नकोस, डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ओढून मोडेल. शिमानो कंपनीच्या ११ च्या लिंक एकदा उघडल्या की परत वापरायच्या नसतात, तेव्हा सरावाला वेगळी आणि शर्यतीला वेगळी.

आता जे बहुतेक कुणी नेत नाही ते: गिअर हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्याला टांगलेला असतो तो. सायकल उजव्या अंगावर पडली की हाच वाकतो. वाकलेल्या हँगरनं सगळ्यात मोठ्या गिअरवर गेलीस तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि मग सगळंच मोडतं. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, दुसऱ्याचा चालत नाही. ओळखीचे लोक मला म्हणतात, “उद्यमनगरात तुम्ही काय वाट्टेल ते घडवून देता, आम्हाला एक हँगर पोलादाचा करून द्या, परत वाकायचं नाव नको.” मी देत नाही. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, मार बसला की त्यानं मोडावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. पोलादाचा हँगर वाकणार नाही, तुझी फ्रेम फाटेल. तुझ्या मॉडेलचा मूळचा मिळव. १५-२० ग्रॅम वजन आहे त्याचं.

गिअरची जादा तार नेऊ नकोस. तुझ्या सायकलीत तार फ्रेमच्या आतून गेलेली असेल तर रस्त्यावर ती ओवणं होत नाही. त्यापेक्षा आठवडाभर आधी नवी तार घालून घे. ती हँडलवरच्या गिअरच्या लिव्हरच्या आत, डोक्यापाशी एकेक तंतू तुटत जाते, बाहेरून दिसत नाही. तरीही तुटलीच तर डिरेलर सगळ्यात छोट्या गिअरवर जाऊन बसतो आणि गगनबावड्याचा शेवटचा चढ त्या गिअरवर चढणं अवघड. तेव्हा डिरेलरवरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू आत आवळत जा, चेन एक-दोन गिअर वर सरकते आणि तिथंच राहते. त्या स्क्रूला स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो की २ ची ॲलन की, ते आजच बघून ठेव.

टायरला चीर पडली तर आतून आधार म्हणून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा, दोन इंच बाय दीड इंच, कडा गोल कापलेला. चार केबल टाय. इन्सुलेशन टेप अख्खी नको, पंपाला हातभर गुंडाळून ठेव. स्पोक तुटला तर केबल टायनं शेजारच्या स्पोकला बांधायचा. टायरच्या दोन लिव्हर पुरतात. तेल आणि पेडलचा पाना घरी.

शेवटचं म्हणजे बांधणी. हे सगळं एका पिवळ्या किंवा लाल फडक्यात गुंडाळ, पांढऱ्यात नको. रस्त्याच्या कडेला ते फडकं पसरायचं आणि त्यावरच सगळं ठेवायचं. गवतात पडलेली क्विक लिंक मी एकदा पंधरा मिनिटं शोधली होती. जे आधी लागतं ते वर: चावी, लिव्हर, ट्यूब, चिमटा. चेनचं आणि हँगर तळाशी.

आणि पिशवी भरून झाली की गच्चीवर जाऊन पाच वेळा चाक काढ, ट्यूब बदल, चाक घाल. मागचं चाक. घड्याळ लावून. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात कर आणि व्हॉल्व्हपाशी संपव, म्हणजे बाकीचा काठ रिमच्या मधल्या खोलगट भागात बसतो, शेवटचा भाग ढिला होतो आणि हातानंच चढतो. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोड, ट्यूब काठाखाली अडकली असेल तर सुटते. एकदा तरी अंधार पडताना कर, आणि एकदा कात्यायनीकडची चढण मारून घामाघूम होऊन आल्या आल्या कर.

तीनशेवाला

काकांनी इतकं लिहिल्यावर फार उरत नाही. मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला २० तास मिळतात, त्यामुळं आमच्याकडं पंक्चर काढायला वेळ असतो, तुझ्याकडं नसेल. पण स्वतःचं स्वतः करायचं हा नियम आमच्याकडंही आहे.

त्या नियमावरून एक. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये यूजेन ख्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका, तूरमाले घाटाच्या उतारावर तुटला. तेव्हाही बाहेरची मदत चालत नव्हती. सायकल घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त चालत सेंट-मारी-द-कांपां गावी गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. भाता मात्र एका पोरानं मारला. अधिकारी उभे होतेच. भात्याच्या मदतीबद्दल त्याला १० मिनिटांचा दंड झाला, तो नंतर ३ मिनिटांवर आणला. सांगायचं इतकंच, की सोबतच्या स्पर्धकाकडून ट्यूब घेतली तर चालते का, वाटेत गॅरेजवाल्याचा पंप वापरला तर चालतो का, हे आयोजकांना आधीच विचारून ठेव. प्रत्येक शर्यतीत याचा नियम वेगळा असतो.

पंचगंगेकाठचा

काका, मी दोन ओळींत उरकलं होतं. हँगरचं मला माहीत नव्हतं, आजच माझा बघतो. एक विचारू? चाव्या जर्सीच्या मागच्या खिशात ठेवल्या तर पिशवी लहान होईल ना?

उद्यमनगरचा फिटर

लोखंड पाठीवर नको रे. पाठीवर पडलास तर चावी सरळ मणक्यावर येते. खिशात मोबाइल, थोडे पैसे आणि नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहिलेला कागद. अवजारं सगळी सीटखाली. आणि पिशवीचा पट्टा आवळून झाला की वरून एक केबल टाय मार, आपल्या रस्त्यांवर पट्टे ढिले होतात.

कळंब्याची स्वार

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं करून आज चार दिवसांनी लिहितेय.

गेल्या डिसेंबरातला तो टायर अजून माळ्यावर होता. बाबांनी नवा घातला तेव्हा जुना टाकला नव्हता. खाली काढला आणि आतून कापूस फिरवला. एका जागी तंतू अडकले. बोटाला काही लागत नव्हतं, पण चिमट्यानं ओढलं तर तारेचा तुकडा निघाला, अर्धा सेंटिमीटरही नसेल. बाबा पण बघत होते. त्या दिवशी दीड तास मी ट्यूबला दोष देत बसले होते. तार आता टेपनं कागदावर चिकटवून ठेवलीय.

ट्यूबचे आकडे वाचले. तीनपैकी दोन ४८ च्या निघाल्या. म्हणजे पिशवीतली वरची ट्यूब गेली असती की पुढचीचा व्हॉल्व्ह माझ्या ४० च्या रिममधून जेमतेम बाहेर आला असता, आणि पंप नीट बसला नसता तर माझंही तुमच्या वाघबिळासारखं झालं असतं. दोन्ही बदलून ६० च्या आणल्या, हवा भरून रात्रभर ठेवल्या, दोन्ही चांगल्या आहेत.

माझा आस खरंच ६ च्या ॲलन कीनं निघतो. हे मला माहीत नव्हतं, आजवर दुकानातच चाक काढून घेत होते.

गच्चीवर मागचं चाक पाच वेळा केलं. पहिल्यांदा १७ मिनिटं. त्यातली सहा डिरेलरमधून चेन सोडवण्यात गेली. आधी सगळ्यात छोट्या गिअरवर आणायचं असतं हे तिसऱ्या वेळी कळलं. शेवटचं ७ मिनिटं २० सेकंद, कापूस फिरवण्यासकट, पण गॅस न वापरता. काल संध्याकाळी चढण मारून आल्यावर केलं तेव्हा परत ९ वर गेलं, हात थरथरत होते. आयोजकांनाही विचारलं. सोबतच्या स्पर्धकाकडून वस्तू घेतलेली चालेल, रस्त्यावरच्या कुणाकडून नाही.

आता सगळं मिळून, पिशवीसकट, ६९० ग्रॅम. फडकं लाल, आईच्या जुन्या साडीचं.

फक्त हँगर मिळाला नाही. दोन दुकानांत विचारलं, मागवावा लागेल आणि रविवारपर्यंत येणार नाही म्हणाले. माझ्या मॉडेलचं नाव आणि हँगरचा फोटो खाली टाकलाय.

तीनशेवाला

फोटो बघितला. तोच हँगर माझ्या जुन्या सायकलीला होता, ती विकली पण एक जादा माझ्याकडं राहिलाय. शनिवारी संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर पदपथ उद्यानाच्या दारात येतो. तुझ्या फ्रेमवर तिथंच लावून बघू, भोकं जुळली तर ठेवून घे. पैसे नकोत.

उद्यमनगरचा फिटर

मीही येतो शनिवारी, सायकल घेऊनच ये. हँगरचे दोन बारीक स्क्रू असतात, तेही बरोबर घे, जुने वाकले तर निघतानाच मोडतात. त्या स्क्रूंना बारीक ॲलन की लागते, बहुधा अडीचची. तू ४, ५, ६ घेतल्यास. ही ठेवलीस का?

कळंब्याची स्वार

नव्हती ठेवली काका. आत्ता ठेवली.